अज्ञान मुलगी, वय वर्षे चार

१

दुसऱ्यांच्या घरांचं कुळ-मूळ शोधणं हे माझं काम. कुणाला घर घ्यायचं असलं की तो आमच्या वकीलसाहेबांकडे येतो, वकीलसाहेब चहा मागवतात आणि मला नोंदणी कार्यालयात पिटाळतात. तिथल्या दप्तरखान्यात बसून मी मागची तीस वर्षं चाळते. आज ज्याचं घर आहे त्याने ते कुणाकडून घेतलं, त्याने कुणाकडून, त्याच्या आधीच्याने कुणाकडून. मध्ये एखादी बहीण हक्क न सोडताच राहून गेली आहे का, परगावच्या भावाच्या नावाने दुसऱ्याच कुणी सही ठोकली आहे का, हे बघते आणि अहवाल लिहिते. अहवालाचं शेवटचं वाक्य ठरलेलं: मालकी निर्वेध आहे, किंवा नाही. सात वर्षांत हे वाक्य मी चारेकशे वेळा तरी लिहिलं असेल.

हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली माझ्याशी बोलताना लोक आवाज खाली आणतात. जणू मी काचेची आहे. मी काचेची नाही, चिडलेली आहे. हा फरक ज्याला कळत नाही त्याने पुढचं वाचू नये.

आम्ही भाड्याने राहत होतो ती जागा दोन महिन्यांत सोडायची होती. नवऱ्याने घर शोधून काढलं. गल्लीच्या टोकाला, खाली दोन खोल्या, वर एक, मागे हातभर अंगण. उंबऱ्यातच त्याचं ठरलं. "इथे मुंगी पळेल," म्हणाला.

मुंगी म्हणजे आमची मुलगी. साखरेचा डबा कुठेही लपवा, ही तिथे हजर, म्हणून मुंगी. तिला चार पूर्ण व्हायला तेव्हा सहा आठवडे होते.

"कागद मी बघणार," मी म्हटलं.

"बघ की. पण न्हाव्याने स्वतःची हजामत करू नये. कान जातो."

"माझा कान जागेवर आहे. तू तुझं नाक सांभाळ."

तेव्हा आम्ही असं बोलायचो.

२

दप्तरखाना तळघरात आहे. वर रांगा, आरडाओरडा, शिक्क्यांचे ठोके. खाली फक्त एक पंखा, जो हवा कमी आणि आवाज जास्त देतो. फडक्यात बांधलेले जाडजूड गठ्ठे, आणि दप्तरवाले काका. काकांच्या बोटाला पानं उलटायची रबरी टोपी असते. ती ते चहा पितानाही काढत नाहीत.

"आज कुणाचं घर?"

"माझं."

"अरे वा! मग नीट बघा. दुसऱ्याचं बघता तसं नको."

काकांचा विनोद. मी हसले नाही. सकाळीच सासूबाईंशी वाजलं होतं, मुंगीला स्वेटर घालण्यावरून.

पहिलं खरेदीखत सहा वर्षांपूर्वीचं. आज जे घर विकताहेत त्यांनी ते तेव्हा घेतलं होतं. लिहून देणारे, म्हणजे विकणारे, तिघं: नवरा, बायको आणि तिसऱ्या ओळीत 'अज्ञान मुलगी, वय वर्षे ४, तर्फे पालनकर्ती आई'. कागदाच्या भाषेत अठराच्या आतलं मूल अज्ञान असतं. त्याच्या वाट्याला घराचा हिस्सा असला की त्याच्या वतीने आई किंवा बाप सही करतो. यात काही विशेष नाही. फक्त मुलीच्या नावाची जागा कोरी होती. मी समासात बारीक प्रश्नचिन्ह केलं.

त्याआधीचं खत तेरा वर्षांपूर्वीचं. विकणारे वेगळे, आडनाव वेगळं, हस्ताक्षर वेगळं. तिसऱ्या ओळीत अज्ञान मुलगी, वय वर्षे ४. नाव कोरं.

एकोणीस वर्षांपूर्वीचं. तेच.

सत्तावीस वर्षांपूर्वीचं. तेच.

तीस वर्षं बघायची असतात. मी चौतिसावर गेले. तेच.

आता, मी भुतं बघणारी बाई नाही. माझ्याकडे लगेच दोन कारणं तयार होती. एक म्हणजे, मूल शाळेत घालायच्या वयाचं झालं की लोक घर बदलतातच. दुसरं म्हणजे नक्कल. खतं लिहिणारी मंडळी जुनं खत पुढ्यात घेतात आणि नावं बदलून उतरवून काढतात. मागे एकदा मी चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं खत वाचलं होतं, त्यात 'विहीर व गुरांचा गोठा यांसह' असं लिहिलेलं. चार वेळा तो फ्लॅट गोठ्यासकट विकला गेला आणि एकाही शहाण्याने वाचून बघितलं नाही. तेव्हा ही मुलगी म्हणजे तसलाच गोठा. कुणा आळशाने एकदा उतरवली आणि पुढच्या आळशांनी पुढे ढकलली.

मला त्या आळशांचा एवढा राग आला की पेन्सिलीचं टोक मोडलं.

टोक काढता काढता एक गोष्ट लक्षात आली. मुलगी फक्त विकणाऱ्यांत होती. घेणाऱ्यांत एकदाही नव्हती. प्रत्येक कुटुंब त्या घरात आलं तेव्हा ती त्यांच्यात नव्हती, आणि प्रत्येक कुटुंब निघालं तेव्हा होती. चार वर्षांची.

३

खताच्या शेवटी अंगठ्यांचं पान असतं. मुलांचे ठसे घेत नाहीत. पालनकर्ती सही करते तेवढं पुरतं. मी ते पान बघायला नको होतं. पण अर्धवट काम करणाऱ्यांना तासभर शिव्या दिल्यावर स्वतः अर्धवट उठणं बरं दिसत नाही.

तिसऱ्या चौकोनात लहान अंगठा होता. बोराच्या बीएवढा. मधोमध एक तिरकी पांढरी रेघ, जुनी जखम भरून आल्यावर राहते तशी.

पाचही खतांत.

मी ते कागद एका शेजारी एक मांडले. ठशांतलं मला काय कळतं? भूगोल घेऊन पदवी घेतलेली मी; फार तर डोंगर-नद्या सांगेन. मी पट्टी लावली. रेघ प्रत्येक ठशात एकाच उतरणीने खाली येत होती, आणि लांबीही पाचही ठिकाणी एकच भरली.

"काका, हे बघा बरं."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, पाचही पानांवरून डोळे फिरवले आणि पानं हळूच एकावर एक ठेवली. ठसे आत, कोरी बाजू वर.

"बाई, लिहिलंय काय ते बघायचं. का लिहिलंय ते आपलं खातं नाही."

"तुम्ही हे आधी पाहिलंय."

"मी पानं उलटतो," काका म्हणाले आणि बोटावरची टोपी काढली. सात वर्षांत पहिल्यांदा. त्या बोटाचं टोक धुतलेल्या कपड्यासारखं पांढरं पडलेलं होतं.

घरी गेल्या गेल्या मी मुंगीचा डावा अंगठा धरून उजेडात बघितला. गोल गोल, नितळ. रेघ नाही. "आई, गुदगुल्या!" म्हणून ती किंचाळली. सासूबाई म्हणाल्या, "आता हात कसले बघतेस पोरीचे? ज्योतिष शिकायला लागलीस?"

वकीलसाहेबांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी आमच्या खरेदीखताचा मसुदा पुढे सरकवला. विकणाऱ्यांनीच पाठवलेला. लिहून देणारे तिघं. तिसऱ्या ओळीत ती.

"अज्ञानाचा हिस्सा आहे तर कोर्टाची परवानगी लागेल," ते म्हणाले. "जाऊन विचारून ये. बाकी ते अंगठे वगैरे अहवालात घालू नकोस. आई झाल्यापासून तुला सगळीकडे पोरंच दिसायला लागलीत."

"सर, पाच ठसे आहेत."

"अगं, लहान मुलांचे अंगठे सारखेच."

हे वाक्य ज्याने उभ्या आयुष्यात एकाही मुलाचा अंगठा तोंडातून बाहेर काढलेला नाही, अशाच माणसाला सुचू शकतं. मी मसुदा घडी करून पर्समध्ये कोंबला.

४

बालवाडी बाराला सुटते. सासूबाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेल्या. म्हणून मुंगीला बरोबर न्यावं लागलं. हे मी पुढे शंभर जणांना शंभर वेळा सांगितलं आहे. हौसेने नेलं नव्हतं.

दार मालकीणबाईंनी उघडलं. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. केस एकाच बाजूने विंचरलेले, जणू दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत कुणीतरी हाक मारली होती. बाहेरच्या खोलीत ऊन होतं, आतल्या खोलीच्या खिडक्या बंद. बाई अशा बसल्या की आतलं दार त्यांच्या समोर राहावं. आम्ही घर बघायला आलो तेव्हाही तशाच बसल्या होत्या. तेव्हा मला वाटलं होतं, आतला पसारा लपवताहेत. बायका लपवतात.

मुंगी पळाली ती थेट त्या दाराच्या चौकटीपाशी. "आई, बघ, मी केवढी!"

चौकटीवर मुलांची उंची मोजायच्या खुणा होत्या. सगळ्यांच्या घरी असतात. पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढत जातात. इथे पायऱ्या नव्हत्या. इतक्या रेघा, इतक्या पेन्सिलींच्या, इतक्या सुऱ्यांच्या, सगळ्या एकाच जागी मारलेल्या. लाकडात बोट जाईल एवढी खाच पडली होती.

मुंगीचं डोकं खाचेच्या खाली राहिलं.

"ती म्हणते, अजून दोन बोटं," मुंगी म्हणाली आणि आत पळाली.

"कोण ती?" मी विचारलं. मुंगीला नाही. बाईंना.

मी मसुदा काढला. कागद हातात असला की मला धीर येतो. काही लोकांना देव्हारा लागतो, मला मसुदा.

"इथे तुमची मुलगी लिहिली आहे. वय चार. तिचा जन्मदाखला लागेल."

"नाही."

"हरवला का?"

"नाहीच आहे. मला मुलगा आहे, ताई. नऊ वर्षांचा. माझ्या भावाकडे असतो."

"मग ही मुलगी कुणाची?"

"घर जिच्या ताब्यात, तिची."

असलं बोलणं माझ्या डोक्यात जातं. आतून मुंगीचा आकडे म्हणण्याचा आवाज येत होता. एक, दोन, तीन, चार. मग थांबायची. मग पुन्हा एक, दोन, तीन, चार. मुंगीला वीसपर्यंत येतं. बसमध्ये ती वीसपर्यंत म्हणून कंडक्टरकडून शाबासकी उकळते.

"मुलगा भावाकडे का असतो?"

बाई दाराकडेच बघत होत्या. "आम्ही इथे आलो तेव्हा तो तीनचा होता. चार पूर्ण झाले त्याच आठवड्यात मी त्याला बालवाडीतून आणायला गेले. बाईंनी एका मुलाचा हात माझ्या हातात दिला. मी म्हटलं, हा माझा नाही. तो रडायला लागला, साडीला लोंबकळला. मला दया नाही आली, ताई, राग आला. वाटलं, कुणाचं पोर हे, उगाच गळ्यात पडतंय. माझं तर घरी वाट बघत होतं."

"तुम्ही डॉक्टरकडे..."

"गेले. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप येते. ओळख येत नाही."

आत एक, दोन, तीन, चार. पण आता आवाज दोन होते. एकाच सुरात, एकाच वेळी, इतके नेमके एकावर एक की सुरुवातीला दोन आहेत हे कळूच नये. त्या खुणांसारखे.

"कागदावर पुढच्या बाईला दिली की सुटका होते असं म्हणतात," बाई भराभर बोलत होत्या. "माझ्या आधीच्या बाईने तेच केलं. मला एका शब्दाने सांगितलं नाही. मी तुम्हाला सांगतेय ना? तेवढं तरी माझ्या बाजूने धरा. आणि नुसता कागद पुरत नाही. हातही धरावा लागतो. तिने कधी मागितला नाही. जिन्याखाली उभी होती, मला वाटलं शेजाऱ्यांची असेल, पडेल. मीच धरला."

मी उठले. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. जे आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. तुम्ही आजारी आहात, तुमचा नवरा हे झाकून घर विकतोय, माझ्या लेकराला असल्या घरात एक क्षण ठेवणार नाही, असं काहीतरी. तिच्या पोटी जन्मलेल्या मुलाला तिने बाहेर काढलं होतं, आणि ती माझ्यासमोर बसून मला ताई म्हणत होती.

मसुद्याचे चार तुकडे करून मी आतल्या खोलीत घुसले.

उन्हातून आत गेलं की पहिला क्षणभर काहीच दिसत नाही. कपाटाचा काळा चौकोन, पलंगाची कड, आणि त्या दोन्हींच्या मध्ये पिवळा फ्रॉक. मुंगीचा फ्रॉक पिवळाच होता. डोळे सरावायची मी वाट बघितली नाही. "चल," म्हटलं, हात धरला आणि ओढतच बाहेर काढली.

दारापाशी पोचलो तेव्हा मागून हाक आली. "आई!"

मुंगीचा आवाज. हुबेहूब. 'ई' थोडा लांबवलेला, शेवटी नाकात.

मी मागे वळले नाही. माझ्या मुलीचा हात माझ्या हातात होता. मग मागे जे काही होतं ते तिचा आवाज काढत होतं. साधा हिशेब. बाहेरचं दार मालकीणबाईंनी स्वतः उघडून धरलं. त्यांचा चेहरा मी तेवढा एकदाच नीट पाहिला. डोळे भरलेले, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्या आतल्या दाराकडे बघत नव्हत्या.

"माफ करा," त्या म्हणाल्या.

"करणार नाही," मी म्हटलं.

बसमध्ये तिने खिडकी मागितली नाही. आकडे म्हटले नाहीत. कंडक्टर आमच्या शेजारून दोनदा गेला आणि त्याने एकच तिकीट फाडलं. लहान मुलांचं तिकीट नसतंच.

५

नवरा संध्याकाळी आला, मागोमाग सासूबाई. घंटा अशी वाजवली की शेजारच्यांचीही दारं उघडली. त्याच्या खांद्यावर एक मुलगी होती, हुंदक्यांनी दमलेली. पिवळा फ्रॉक, एका पायात चप्पल.

"तू माणूस आहेस का?" तो म्हणाला. "पोरीला तिथे टाकून आलीस? त्या बाईने मला फोन करून बोलावलं. चार तास! चार तास ही तिथे रडत होती!"

"हळू बोल. मुंगी आत जेवतेय."

तो माझ्या बाजूने आत डोकावला. टेबलावर ताट होतं, छोटा पेला होता, खुर्ची मागे सरकवलेली होती.

"कोण जेवतंय?"

रागात माणसाला समोरचं दिसत नाही. मी त्याला दोष दिला नाही. तेव्हा तरी.

त्याच्या खांद्यावरच्या मुलीने हात पुढे केले. "आई, तू मला हाक मारली नाहीस," म्हणाली.

आता कुणी म्हणेल, बाई, तुला त्या दुसरीचं बोलणं आठवलं नाही का? बालवाडीतला तो मुलगा, ती साडीला लोंबकळण्याची गोष्ट? आठवलं. शब्द न् शब्द आठवलं. मूर्ख नाही मी. उंबऱ्यात उभी राहून मी दोन्ही बाजू नीट तपासल्या, जशा एकाच जागेवर दोघांनी हक्क सांगितला की तपासते. ती बाई आजारी होती, मी नाही. तिने कागद वाचले नव्हते. मी चौतीस वर्षांचे वाचले होते. तिला फसवलं गेलं होतं. मला सगळं आधी सांगण्यात आलं होतं. ज्याला माहीत असतं तो फसत नाही. आणि मुख्य म्हणजे मी सही केलीच नव्हती. मसुदा फाडला होता.

"हिला घेऊन जा," मी म्हटलं.

नवऱ्याने त्या मुलीचा डावा अंगठा धरून माझ्या डोळ्यांसमोर आणला. "बघ! तूच म्हणत होतीस ना, रेघ, रेघ? आहे का रेघ? बघ ना!"

मी बघितलं. गोल गोल. नितळ.

मला तिचा इतका राग आला. माझ्या लेकीचं नाव घेऊन, माझ्या लेकीचे कपडे घालून, माझ्या लेकीचा अंगठासुद्धा घेऊन आली होती. एवढी तयारी करून.

"आमच्या धंद्यात सगळ्यात निर्दोष दिसणारा कागद खोटा असतो," मी म्हटलं आणि दार लावलं.

बराच वेळ दारावर थापा पडत होत्या. दोन मोठ्या, मग एक लहान. लहान थाप दाराच्या खालच्या बाजूला पडायची. मग सासूबाईंचा आवाज, रडका, "चल रे, चल इथून, पोरगी घाबरलीय." आणि पावलं.

आत टेबलापाशी एक, दोन, तीन, चार.

"पुढे?" मी म्हटलं.

एक, दोन, तीन, चार.

६

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं.

नवरा, सासूबाई आणि ती मुलगी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. मी आणि मुंगी इथे, दोन खोल्यांत. घरमालकाने आम्हाला मुदत वाढवून दिली. माझ्याकडे बघून त्याला बहुतेक नाही म्हणवलं नाही. मी अजून वकीलसाहेबांकडे जाते. मुंगीला घरात एकटीला ठेवते. ती शहाणी आहे. ठेवते तिथे असते.

त्या घराची मालकीणबाई एकदा फोनवर आली. घर विकायचं रद्द केलं म्हणाली. "मुलगा आला, ताई. काल दारात उभा होता, मी बघितल्या बघितल्या ओळखलं. कपाळावरचा तीळसुद्धा ओळखला." ती हसत होती की रडत होती कळेना. "तुमचे उपकार..." मी फोन ठेवला. लोकांना आपल्या आजाराचं औषध दुसऱ्याच्या दारात सापडतं, आणि वर आभार मानायला येतात.

ती दुसरी मुलगी मला कधी कधी शाळेच्या फाटकापाशी दिसते. माझा रस्ताच तिथून आहे. पुढचा एक दात पडलाय. खूप उंच झालीय, सासूबाईंच्या कमरेच्या वर आलीय. पहिल्यांदा पळत आली होती. दुसऱ्यांदा नुसती थांबली. आता बघते आणि बोट धरून पुढे जाते. गेल्या आठवड्यात वळणावर ती सासूबाईंना आकडे म्हणून दाखवत होती. शंभरपर्यंत. मी उलट्या बाजूच्या भिंतीला टेकून शंभर होईपर्यंत ऐकलं. का ऐकलं, ठाऊक नाही. उशीर झाला म्हणून स्वतःवरच चिडले.

मुंगी तेवढी वाढत नाही. घरी आणली त्या दिवशी स्वयंपाकघराच्या चौकटीला उभी करून मोजली, तर सकाळपेक्षा दोन बोटं जास्त भरली. मुलं अशीच एकदम वाढतात. मग थांबतात. दर महिन्याला मी रेघ मारते. तेरा रेघा झाल्या. सगळ्या एकाच जागी, म्हणून लांबून एकच दिसते. डॉक्टरला दाखवायचं म्हणते, पण डॉक्टर काय म्हणणार? नीट जेवत नाही. ताट तसंच असतं.

अंगठ्यावर तिला लागलंय. दारात वगैरे चेमटला असेल. तिरकी रेघ राहिलीय. मुलांना लागतंच.

काल नवऱ्याच्या वकिलाकडून कागद आला. मी टेबलावर पसरला आणि पेन्सिल घेऊन वाचला, सवयीने. 'अज्ञान मुलगी', पुढे मुंगीचं कागदावरचं नाव, 'वय वर्षे ५, हिचा कायम ताबा वडिलांकडे राहील, त्यास आईची कोणतीही हरकत नाही.' खाली सहीसाठी फुली. मसुदा चांगला होता. एकही गोठा नव्हता.

मला हरकत नव्हतीच. जी माझी नाही तिच्यावर हरकत कशी घेणार? मी सही केली. फक्त पेन उचलताना हात क्षणभर कागदावरच राहिला, जणू कुणीतरी मनगट धरलं होतं. खालून, लहान उंचीवरून.

पण अर्धवट काम मला चालत नाही. एकीचं लिहिलं तर दुसरीचंही लिहून ठेवायला हवं, नाहीतर उद्या कुणीतरी येऊन हक्क सांगायचं. म्हणून सहीच्या खाली मी माझ्या हाताने आणखी एक ओळ घातली. 'तसेच अज्ञान मुलगी, वय वर्षे ४, तर्फे पालनकर्ती आई.' पाच लिहायला हवं होतं. हात सवयीने चारवर गेला. नावाच्या जागी पेन टेकवलं आणि थांबले. नाव तर वरच्या ओळीतल्या मुलीला देऊन झालं होतं. एकच नाव दोघींना लिहिलं तर कागद बाद होतो. ती जागा मी कोरी ठेवली.

"मुंगी, इकडे ये," मी म्हटलं.

ती आधीच शेजारी उभी होती.

मी शाईची डबी उघडली. मी काही सांगायच्या आत तिने डावा अंगठा पुढे केला.